गावाचा डावा पाय

सोमवार, १६ जानेवारी १९८९

कमळाकर,

आशीर्वाद लिवायची रीत हाय म्हणून लिवते. मनापासून दिलाय असं समजू नको.

मी समोरच्या घरातली चांगुणाआजी. माझं अक्षर तू कधी बघितलं नायस, कारण कधी काम पडलं नाय. आपल्या पडव्या समोरासमोर. मी इकडून हाक मारली की तू तिकडून ओ द्यायचास. आता कागद हातात घेतला कारण परवा देवळात गावकी बसली. काशीराम पंच उभा राहिला नि बोलला, "कमळाकर आणि त्याचं घर आजपासून वाळीत. त्यांच्याशी कोणी बोलायचं नाय, त्यांच्या दारात जायचं नाय, त्यांना आपल्या दारात घ्यायचं नाय." मी मागे खांबाला टेकून सगळं ऐकलं. लिवायचं नाय, हे तो बोलला नाय. गावातल्या म्हातारीला लिवता येतं हे डोक्यात यायला आधी डोकं पायजे. दुसरीपर्यंत गेली हाय मी शाळेत. अक्षर वाकडं हाय, माणूस नाय.

तुझा गुन्हा तुला कोणी तोंडावर सांगितला नसेल, तर ऐक. शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हापासून तू गावच्या क्लबात खेळलास. आता तळोज्याच्या रंगाच्या कंपनीने टीम काढली, तुला नोकरी दिली, राहायला खोली दिली, आणि तू कंपनीचा शर्ट अंगात घातलास. काशीराम बोलला, "गावाने पोसला, कंपनीने कापून खाल्ला." सगळ्यांनी माना हलवल्या. त्यात कंपनी तीच, जिचं पाणी खाडीत उतरल्यापासून निवट्या मासळ्या चिखलावर पोट वर करून पडतात. दुसऱ्या कुठल्या कंपनीत गेला असतास तर लोक कदाचित एवढे तापले नसते.

माझा नातू कुमार, तुझ्याच टीमचा गोली, तुझ्या ताटात जेवलेला, तो तोंडात सुपारी धरल्यासारखा गप्प बसला. घरी आल्यावर मी त्याला बोलली, "गोली हायस ना? मग एकदा तरी आडवा पडायचास."

तो बोलला, "आजी, तू तरी कुठं बोललीस?"

खरं हाय. मी बोलली नाय कारण मला राग आला होता. तो अजून हाय.

नोकरीचा राग नाय. तुझा बाप गेला तेव्हापासून तुझ्या आईने मिठागरात पाट्या उचलल्या, तिच्या पायाच्या भेगांत मीठ जायचं आणि ती दात आवळून चालायची, ते मी बघितलं हाय. भाकर जिथं मिळते तिथं माणूस जातो. माझा राग माझ्यासाठी हाय. तू गेलास, आता मी बघू काय?

माझा दादला मुंबईच्या गोदीत होता. तिथल्या खलाशांकडून त्याने या गावात पहिला फुटबॉल आणला. भाताची कापणी झाली की खाचरातली धसकटं उपटायची, मधले बांध फोडायचे आणि पाऊस येईपर्यंत खेळायचं, ही रीत त्याने पाडली. मी नवी नवरी, डोक्यावर पदर घेऊन मोठ्या बांधावर बसायची. बाया मला हसायच्या. दादला मेला, बांध सोडला नाय मी. एवढ्या वर्षांत पोरं लई बघितली. जोरात पळणारी बघितली, बैलासारखी धडक देणारी बघितली. पण बॉल पायाखाली घेऊन उभा राहणारा तू एकटाच. खेकड्याच्या पाठीवर पाय ठेवावा तसा तुझा डावा पाय बॉलवर. दाबत नाय, सोडत नाय. समोरचा वाट बघून बघून चुकतो आणि मग तू जातोस. ती जी घटकाभर तू थांबतोस ना, तेव्हा अख्ख्या बांधाचा श्वास अडकतो. मी लग्नात धवले गाणारी धवलारीण बाई, मला ठाऊक हाय, गाण्यात कुठं थांबायचं हे शिकवून येत नाय.

काल मॅच झाली. तुझ्या जागी कोणाला घातलं ते विचारू नको. त्याला दोन्ही पाय उजवे हायत.

आणि एक गोष्ट तू गेलास तेव्हा मोजली नसशील. मैनाचं लगीन. आपटा गावच्या सोयऱ्यांना वैशाखाचा शब्द दिलाय ना? वाळीतल्या घरच्या हळदीला गाव येत नाय. मांडवाची मेढ रोवायला चार पुरुष येत नायत. आणि गावात धवलारीण मी एकच, माझ्याशिवाय हळद लागत नाय. बहिणीच्या लग्नाचं काय करणार हायस, ते लिव.

चांगुणा


सोमवार, १३ फेब्रुवारी

कमळाकर,

तुझं पत्र आलं. पोस्टमन बिचारा घाबरला. माझ्या नावाने याआधी फक्त मेल्याच्या तारा आल्यात.

पाच ओळी लिवल्यास आणि त्यात तीनदा "आई कशी आहे". लग्नाबद्दल लिवलंस, "मी काहीतरी करतो." काहीतरी म्हणजे काय? काहीतरीचा मांडव कुठं मिळतो पनवेलच्या बाजारात?

आई कशी हाय ते सांगते, रडू नको. धर्मी नळावर येते तेव्हा बाया हंडे उचलून बाजूला होतात. भांडण नाय, शिवी नाय. जागा करून देतात, जशी प्रेताला देतात. दुकानदार सामान देतो पण हातात नाय, ओट्यावर ठेवतो. परवा ती कोंबड्यांशी बोलत होती. आधी मला वाटलं कोंबड्यांनाच बोलते, मग कळलं, ती त्यांना दिवसभराचं सांगत होती.

मी तिच्याशी बोलत नाय. मी गावकीचा शब्द मोडलेला नाय. मी माझी शेळी घेऊन तिच्या अंगणापर्यंत जाते आणि शेळीशी बोलते. "काय गं, जेवलीस काय? आज पोराचं पत्र आलं बघ, बरा हाय तो." धर्मी पडवीत बसून तांदूळ निवडते आणि तांदळांना उत्तर देते. काल काशीरामची सून बघून गेली. बघू दे. शेळी वाळीत नाय.

आपट्याची माणसं येऊन गेली. नवऱ्याचा मामा शहाणा दिसला. बोलला, "आमाला पोरगी पसंत हाय, पोरगी घेऊन जाऊ. पण तुमच्या गावाचा मान कोण देणार? पानसुपारी कोणी लावायची? आमी एवढं वऱ्हाड घेऊन रिकाम्या मांडवात बसू काय?" मैना आतून बोलली, "मामा, मांडव रिकामा राहिला तर तुमची माणसं पसरून बसवा." मला तिचं तोंड आवडतं. माझ्या हाताखाली वाढलेली पोर हाय.

ते गेल्यावर काशीराम माझ्या दारात आला. "चांगुणाकाकी, तुमी धवला म्हणायला जाणार नाय ना?"

मी बोलली, "वैशाख कुठं हाय अजून? मी तोवर मेली तर तुझी काळजी मिटेल."

"काकी, गाव म्हणजे गाव."

"आणि खेळ म्हणजे?"

त्याला कळलं नाय. तो कबड्डीचा माणूस.

क्लबाचं विचारलंस. तुला विचारायचा हक्क नाय, तरी सांगते. रविवारी चिरनेरच्या पोरांशी हरलो. कुमारने दोन अडवले, तिसरा त्याच्या बोटांना लागून गेला. मी आवाज लावला पण मन लागलं नाय. सवयीने माझी मान डावीकडे वळते. डावीकडे काय तर एक पोरगा चड्डी वर खेचतोय. माझ्या बाजूला म्हातारा काळूराम बसतो, त्याला धड दिसत नाय, माझ्या ओरडण्यावरून मॅच समजून घेतो. तो बोलला, "चांगुणे, आज तू ओरडत नायस. कमळ्या अजून आला नाय काय?" मी त्याला सांगितलं, कमळ्याच्या पोटात दुखतंय. वाळीतल्या माणसाचं नाव तोंडातून गेलं, ते गेलं.

चांगुणा


शुक्रवार, २४ मार्च. होळी झाली.

कमळाकर,

हे पत्र मी काशीरामच्या सांगण्यावरून लिवते. हसू नको. मला लिवता येतं हे शेवटी त्याला कळलं, बहुतेक पोस्टमनने सांगितलं. मला वाटलं आता दंड. पण तो येऊन खाटेवर बसला, चहा मागितला आणि बोलला, "काकी, एक निरोप लिवाल काय त्याला?" पंचांना बोलता येत नाय तुझ्याशी. त्यांचाच नियम, तेच अडकले.

निरोप असा. चैत्रात गावदेवीच्या जत्रेची फुटबॉलची ढाल लागते. यंदा तुझ्या कंपनीने नाव दिलंय. कंपनीत तुझ्याशिवाय दम नाय हे सगळ्यांना माहीत हाय, ते शेवटच्या मॅचपर्यंत येतील आणि समोर आपण असू. त्या दिवशी तू खेळायचं नाय. पाय मुरगळला सांग, ताप आला सांग. कोणी पुरावा मागणार नाय. तू बाहेर बसलास की गावकी समजेल तुला गावाची लाज हाय, त्याच संध्याकाळी धर्मीचं घर मोकळं होईल, आणि मैनाच्या लग्नाला गाव येईल. मेढ रोवायला काशीराम स्वतः येईल. हा त्याचा शब्द. मी जसा तो बोलला तसा उतरवला, माझं काही घातलं नाय.

आता माझं.

मी शेळी घेऊन धर्मीकडे गेली आणि शेळीला सगळं सांगितलं. धर्मी तांदूळ निवडायची थांबली. बोलली, "एका दिवसाचा तर प्रश्न हाय. बसला एक दिवस तर काय बिघडतंय." आईचं चुकत नाय. तिला पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना माणसं दिसायला पायजेत.

कुमार मात्र वेगळं बोलला. त्याने कुठून तरी ऐकलंय की तुला अजून कंपनीने कायम केलं नाय. कागद जत्रेनंतर निघणार. साहेब लोक बघायला येणार हायत. तू बाहेर बसलास तर ते विचारतील, हा पोरगा कशासाठी ठेवलाय? हे खरं काय? खरं असेल तर तू मला लिवलं नायस, म्हणजे एकट्याने पोटात घेऊन बसलायस. हीच तुझी जुनी खोड.

आता तू मला विचारशील, आजी काय करू. मी सांगणार नाय. सांगणाऱ्याचं काय जातं? पण मला विचारू नको असं म्हणून मी सुटत नाय, ते मला कळतं. म्हणून एवढंच लिवते. मी बांधावर बसून लोकांना चुकताना बघितलंय, घाबरताना बघितलंय, समोरच्याचा पाय मोडताना बघितलंय. सगळं माफ केलंय. पण धडधाकट पोरगा लंगडायचं सोंग करतोय, हे मी बघू शकत नाय. लग्नाची काळजी करू नको म्हणत नाय. कर. पण ती पायाने करू नको.

मैना काय बोलली ते तिने सांगायला मनाई केली हाय. म्हणून लिवत नाय. एवढंच समज की ती रडली नाय.

चांगुणा


मंगळवार, २५ एप्रिल

कमळाकर,

तू आलास. खेळलास. आमी हरलो. ढाल कंपनीच्या जीपमधून गेली.

तुझ्याकडून तुला जे दिसलं ते तुला माहीत. बांधावरून काय दिसलं ते मी सांगते.

सकाळी काशीरामने दवंडी दिल्यासारखं घरोघर सांगितलं होतं: तो मैदानात उतरला तर कोणी हूं की चूं करायचं नाय. त्याच्याकडे बॉल गेला की गप्प. नाव घ्यायचं नाय, हिणवायचं पण नाय. वाळीत म्हणजे वाळीत. मला वाटलं जत्रेची गर्दी, ताडी प्यायलेली माणसं, कुठली गप्प राहतात. पण राहिली. तुला बॉल मिळाला आणि अख्खा बांध मुका झाला. पाळणेवाल्याचा कर्रकर्र आवाज ऐकू येत होता. तुझ्याकडून बॉल दुसऱ्याकडे गेला की परत ओरडा, परत तुझ्याकडे आला की गप्प. कोणीतरी बटण दाबतंय जसं.

आणि तू मेल्यासारखा खेळलास. अर्धी मॅच तू नव्हतासच. बॉल आला की लगेच दुसऱ्याला, जसा हाताला चटका बसतोय. एकदाही थांबला नायस. दोनदा आपल्या त्या उजव्या-उजव्या पोराने तुझ्या पायातून बॉल नेला. कंपनीचा साहेब खुर्चीवर बसून तोंड वाकडं करत होता. आपली पोरं खूश. काशीराम मिशीवर हात फिरवत होता. मधल्या सुट्टीपर्यंत कोणाचाच गोल नाय. काळूराम मला विचारतो, "चांगुणे, एवढं सामसूम का? कोणी मेलं काय मैदानात?"

मी बोलली, "हां. मेलंय."

दुसऱ्या अर्ध्यात तू आमच्या बाजूने आलास. माझ्यापासून दोन हातांवर. बॉल तुझ्या पायात. सगळे गप्प. मला तुझ्या श्वासाचा आवाज आला, एवढी शांतता. आणि माझं तोंड सुटलं. "ए कमळ्या, मुडद्या! तुझा डावा पाय पटकीने नेवो! गावाचं मीठ खाल्लंस आणि कंपनीची हाडकं चघळतोस! थांब तिथं, माझ्या कुमारने तुझ्या नरडीवर पाय दिला नाय तर नाव बदलीन!" आणखी पण बोलली, ते कागदावर शोभत नाय.

तू थांबलास.

पाय बॉलवर ठेवलास आणि थांबलास. माझ्याकडे बघितलं पण नायस, पण तुझ्या गालाला खळी पडली ती मी बघितली. मेल्या, बॉल पायात असताना हसतात काय? समोर तिघं होते. वाट बघून बघून एक चुकला, मग दुसरा. मग तू गेलास. कुमार पुढे आला, बरोबर आला, हात बरोबर टाकले त्याने, माझा नातू म्हणून सांगत नाय. बॉल त्याच्या काखेखालून गेला. मी उभी होती. माझ्या गावाविरुद्ध गोल झाला आणि मी उभी होती, टाळ्या वाजवायला वर गेलेले हात मी डोक्याला लावले. काळूराम बोलला, "आला वाटतं पोरगा."

त्याच संध्याकाळी मला देवळात बोलावलं. काशीराम बोलला, "काकी, तुमी त्याच्याशी बोललात."

"बोलली नाय. शिव्या दिल्या."

"शिवी म्हणजे बोलणंच."

"मग तुझी बायको तुझ्याशी रोज बोलते हे मला माहीत नव्हतं."

लोक हसले. हसले तेच चुकलं. हसला नाय तो कमळाकर नावाचा दुसरा, तुझा नाववाला, पोलीस पाटलाचा भाऊ. तो उठून बोलला, "हसता काय? तो पोरगा हरला होता. अर्धी मॅच आपण त्याला गप्प राहून हरवला होता. ह्या म्हातारीने हाक मारली आणि तो उठला. ढाल हिने घालवली." मग कोणी हसलं नाय. तो खरं बोलला होता. चाळीस वर्षं मी त्या ढालीसाठी घसा फोडला. हातात आलेली ढाल माझ्या तोंडाने गेली.

हे मी तुझ्यासाठी केलं असं मनात आणू नको. बांधावर बसलेल्या माणसाने ओरडावं, नाय तर घरी बसावं. एवढंच.

पंच बोलले, देवीपुढे नारळ ठेवा आणि चुकलं म्हणा. मी विचार करते बोलली. मैनाच्या लग्नाचं बघ. मी धवला म्हणायला येणार हाय, आपट्याला तसं कळव.

चांगुणा


सोमवार, २२ मे

कमळाकर,

लगीन झालं. पोर सासरी गेली. तू आला नायस.

मैनाला चिठ्ठी धाडलीस की मी आलो नाय तर गाव येईल. पोरा, तुझी समज एवढी कच्ची कशी? गाव तुझ्या तोंडावर रुसलं नव्हतं, घरावर रुसलं होतं. तू तिथं तळोज्यात एकटा बसून राहिलास आणि इथं मांडवात भाऊच नव्हता. मैना दोनदा दाराकडे बघून आली. तिसऱ्यांदा मी तिला बोलली, "पायाला हळद हाय, चालू नको."

मागच्या पत्रात मी एक लिवलं नाय, ते आता लिवते. मी नारळ ठेवला नाय. माझं घर पण वाळीत हाय. घर म्हणजे मी आणि कुमार. मला वाटलं तुझी आई घाबरेल, ती हसली. किती महिन्यांनी हसली. वाळीतल्याने वाळीतल्याशी बोलू नये असा नियम अजून निघाला नाय, त्यामुळे आता शेळी मोकळी झाली, आमी दोघी सरळ बोलतो. गाव दोन घरांचं, पण भांडण नाय.

हळदीच्या दिवशी मेढ रोवायला आपट्याचे दोघं आणि कुमार. धर्मीच्या माहेरच्या चार बाया. बस. मी मांडवाखाली बसली आणि पहिला धवला उचलला. तुला माहीत हाय ते कसं चालतं. ओळ मी म्हणायची, आणि बायांनी उचलायची. या गावात मी ओळ सोडली की पंचवीस-तीस तोंडं ती घेतात, मला श्वास मिळतो. त्या दिवशी मी ओळ सोडली आणि ती खाली पडली. धर्मीच्या माहेरच्या बायांना आपली चाल येत नाय. धर्मी चुलीकडे गुंतलेली. मी परत म्हटली, परत पडली. मग मीच म्हणायची आणि मीच उचलायची असं चालवलं. दम लागला. पहिल्यांदा वाटलं, आता वय झालं.

तेव्हा कुमार उठून बाहेर गेला. मला वाटलं लाज वाटली त्याला. थोड्या वेळाने परत आला तेव्हा त्याच्या मागे टीम. सगळी. तो उजव्या पायाचा पण. खेळायचे निळे शर्ट घालून आले होते, कारण त्यांच्याकडे एकसारखं तेवढंच हाय. मांडवाच्या कडेला बसले, गुडघे छातीशी घेऊन, जसे मधल्या सुट्टीत बसतात. मी ओळ म्हटली. त्यांनी उचलली. देवा, काय आवाज तो. एक वर, एक खाली, बाप्यांनी कधी धवला म्हटलाय? एकाला शब्द येईना तर तो नुसताच हूं हूं करत होता. म्हशी ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण ओळ खाली पडली नाय. एकही पडली नाय. हळद लागली.

मी रडली नाय. धुराने डोळ्यांत पाणी आलं असेल.

दुसऱ्या दिवशी काशीराम पोरांना दम द्यायला गेला. पोरं बोलली, "डावा नेलात, गोली नेलात. आता आमाला पण टाका वाळीत, मग जत्रेला खेळा तुमी आणि तुमचे पंच." अख्खी टीम वाळीत टाकली तर गाव कोणाच्या जोरावर ओरडणार? त्याला ते समजलं. उशिरा समजलं, पण समजलं. काल तो माझ्या दारापर्यंत आला. आत आला नाय, नियम त्याचाच. बाहेर उभा राहून माझ्या शेळीला बोलला. खरं सांगते, शेळीला बोलला! "बाई, तुझ्या मालकिणीला सांग, निरोप लिव."

निरोप असा. कमळाकरने परत यावं. देवीपुढे नारळ ठेवावा. कंपनीची टीम सोडावी आणि पुढच्या जत्रेला गावाचा शर्ट घालावा. दोन्ही घरं त्याच दिवशी मोकळी.

हा निरोप ऐकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे पहिलं काय आलं सांगू? धर्मीचं मोकळं घर नाय. कापलेलं खाचर, हिवाळ्यातलं ऊन, आणि डावीकडे तू, बॉलवर पाय ठेवून. मी किती स्वार्थी म्हातारी हाय बघ. आता जे लिवते ते लिवायला मला सकाळपासून जमलं नाय.

येऊ नको.

मी धर्मीला विचारलं. जत्रेच्या वेळी एक दिवस बस म्हणणारी तीच. ती बोलली, "मावशी, माझ्यासाठी म्हणून तो परत आला तर मला रोज त्याचं तोंड बघावं लागेल." आता तिला पोरीची काळजी उरली नाय, उरली ती आमची दोघींची. आमचं आमी बघू. आमच्याकडे ओटा हाय, चहा हाय, आणि गावात पुढच्या महिन्यात दोन लग्नं हायत, त्यांना धवलारीण पायजे. काशीरामने उरणच्या बाईला विचारलं. ती इकडची चाल म्हणत नाय. तर आमची काळजी करू नको.

पण तुझं मी बघितलंय. गाव गप्प होतं तेव्हा तू कसा खेळलास ते दोन हातांवरून बघितलंय. धाकाने बांधलेला तू गावासाठी पण तसाच खेळशील, आणि तसं बघायला मला बांधावर बसायचं नाय. शिवाय आज तुला असा ओढून आणला, तर उद्या तुझ्यानंतरच्या पोराला पण असाच आणतील. कुमारची वेळ येईल. दुसऱ्या कंपनीचे साहेब त्याचा खेळ बघून गेलेत, तुला सांगितलं नसेल त्याने.

तर कंपनीत राहा. कायमचा कागद आला हे कुमारकडून कळलं. अभिनंदन लिवायची रीत हाय म्हणून लिवते, आणि या वेळी मनापासून हाय. पुढच्या चैत्रात गाव कंपनीला हरवेल, तेवढी तयारी ठेव.

एक मात्र कर. एका दिवसासाठी ये. देवळात सगळे जमतील त्या दिवशी. नारळ आण, तो देवीचा, काशीरामचा नाय. हात जोड आणि सगळ्यांच्या तोंडावर सांग. आपल्यात घरातून निघताना कोणी "जातो" म्हणत नाय, "येतो" म्हणतात. तू "येतो" म्हणू नको. "येतो" म्हटलंस तर ही माणसं वाट बघत बसतील आणि त्यांच्यात सगळ्यात पुढे मी असेन. "जातो" म्हण.

मला देवळात बसायला मनाई हाय. मी बाहेर पारावर असेन. तिथवर ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हण.

चांगुणा